पेवातला वायू

तीर्थरूप आप्पा,
सास्तूरच्या घराला लांबूनच नमस्कार.

इथं जर्मनीत थंडी लई, पण मी खुशाल आहे. तुमचे गुडघे कसे आहेत?

माझ्या संशोधनात प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात सच्छिद्र भुकटी मिसळायचं अखेर जमलं. धुरातला कार्बन डायऑक्साइड आता झटकन वेगळा होतो. इथल्या सरांनी विचारलं, याच वायूचा ध्यास का? म्हटलं, आमच्या जमिनीखालच्या ज्वारीच्या पेवात हाच साचतो.

पेवात आधी पेटता कंदील सोडायचा, विझला तर माणूस उतरवायचा न्हाय, हे तुम्हीच शिकवलेलं. त्या दिवशी मी कंदील आणेपर्यंत तुम्हाला दम निघाला न्हाय. धाकट्या अमरला तसंच उतरवलंत.

आई सांगते, आता त्याच्या फोटोपुढं रोज दिवा लावता. तो विझत न्हाय ना, आप्पा?

तुमचं उरलेलं लेकरू,
हर्षाली