मुक्ताबद्दल चार शब्द

महबूला, कुवेत
शुक्रवार, सकाळ

ती. मंदाताई,

आधी तुझ्या गुडघ्यांना नमस्कार, मग तुला. भाऊजींची साखर उतरली असेल, निदान त्यांनी चोरून खाणं तरी कमी केलं असेल, असं धरून चालतो. आम्ही तिघं ठीक आहोत. म्हणजे शर्मिला ठीक आहे, मुक्ता माझ्याशी बोलत नाही आणि मला एका जागी बसवत नाही. एवढं लिहीपर्यंत मी दोनदा उठून फ्रिज उघडून बघितला (भूक नाही) आणि खाली जाऊन गाडी लॉक आहे का ते पाहून आलो (होती). व्हॉट्सॅपवर का नाही लिहिलं म्हणशील, तर माझं व्हॉट्सॅप घरच्या लॅपटॉपवरही उघडं असतं आणि त्या लॅपटॉपसमोर कायम मुक्ता असते. म्हणून हा कागद आज रात्री नाशिकला निघालेल्या ऑफिसातल्या जयदीपबरोबर धाडतोय.

तुझ्या भाचीला बारावीनंतर अमेरिकेत शिकायला जायचंय, हे तुझ्या कानावर आहेच. ओहायोतलं एक कम्युनिटी कॉलेज तिने निवडलंय. दोन वर्षं तिथे स्वस्तात शिकायचं आणि मग मोठ्या विद्यापीठात जायचं, असा बेत. आता हे 'स्वस्त' अमेरिकेतलं, ते कुवेतमधल्या अकाउंटंटला परवडत नाही. तेव्हा स्कॉलरशिप मिळाली तर जायचं, नाहीतर विषय संपला, असं आमच्यात ठरलं आणि आम्ही स्कॉलरशिपा शोधायला बसलो. ताई, तिकडे कशाकशाला स्कॉलरशिप देतात म्हणून सांगू. डावखुऱ्यांना आहे, उंच मुलींना आहे, मधमाश्या पाळणाऱ्यांच्या मुलांना आहे. आपल्या खानदानात कोणी वेळेवर मधमाश्या पाळल्या नाहीत. शिवाय जो तो अर्ज विचारतो, तुम्ही कोणत्या संकटावर मात केलीत? मुक्ताच्या आयुष्यातलं संकट आठवायला म्हणून मी शर्मिलाला हाक मारली, तर ती बराच वेळ माझ्याकडेच बघत राहिली.

एका अर्जाला समाजसेवा हवी होती. म्हणून मी मुक्ताला गाडीत घालून थेट वफ्राला नेलं. तिकडे शेतं आहेत, हरितगृहं आहेत. तिथल्या मजुरांना टोमॅटो तोडायला मदत करतानाचा एक फोटो काढायचा, एवढंच काम. तर बाईसाहेब 'बाबा, धिस इज चीटिंग' म्हणाल्या आणि जाफर नावाच्या मजुराशी गप्पा मारत बांधावर बसल्या. इतक्या लांब येऊन रिकाम्या हाताने कसं परतायचं म्हणून मी पेटीभर टोमॅटो घेतले. तेव्हापासून आमच्याकडे सार, चटणी, पुन्हा सार असं चाललंय.

शेवटी त्या कॉलेजचीच एक स्कॉलरशिप सापडली. मार्क बसत होते, निबंध तिने एकटीने लिहिला होता. राहिला होता एकच रकाना: पालकांनी मुलीविषयी चार शब्द लिहावेत. तो माझ्या वाट्याला आला आणि तिथे मी माती खाल्ली.

तूच सांग, आपल्याकडे पोटच्या पोरांचं कौतुक आपण कधी केलंय? कुणी म्हटलं पोरगी हुशार आहे, की आई लगेच म्हणायची, कसली हुशार, नुसती धांदरट. दृष्ट लागू नये म्हणून म्हणायची, पण म्हणायचीच. तेच माझ्या हाडीमाशी मुरलंय. मी लिहिलं ते इंग्रजीत, पण आतून अस्सल नाशिकचं: 'आमची मुक्ता तशी बेताचीच आहे. अभ्यास करते, पण मागे लागावं लागतं. स्वभावाने हट्टी आहे. काही गुण असलेच तर ते थोरामोठ्यांच्या आशीर्वादाने. सांभाळून घ्यावे, ही विनंती.' आणि पाठवून दिलं, कुणाला न दाखवता. शर्मिलाने नंतर वाचलं आणि विचारलं, की ही स्कॉलरशिप आहे का स्थळ?

कॉलेजातल्या बाईंची ईमेल आली. फार अदबीची. मुलीने शिकायला येण्यास वडिलांचा विरोध आहे का, असल्यास तसं कळवावं, नसल्यास रविवारच्या आत मजकूर नव्याने लिहावा. ती ईमेल मुक्ताने उघडली, आणि खाली माझा मजकूरही होता. एरवी मी मराठीत हाक मारली तरी 'कमिंग' म्हणणारी ही पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच असं वाटतं?"

मी म्हटलं, अगं, तसं म्हणायची पद्धत असते. ती खोलीत गेली. दार आपटलंसुद्धा नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी लॅपटॉप उघडतो, 'मुक्ता' एवढं लिहितो आणि फ्रिजकडे जातो. तू एवढी वर्षं हेडमास्तरीण होतीस, हजारो पोरांचे दाखले लिहिलेस. मुक्ताबद्दल चार चांगले शब्द लिहून जयदीपच्या फोनवरून माझ्या ऑफिसच्या ईमेलवर पाठव. इंग्रजी मी करीन.

तुझा
धैर्यशील

ता. क. शब्द पाठवू नकोस. दुपारी मीच लिहिले. इतकी वर्षं इथे राहून मला अरबीतलं 'शुक्रान' (आभार) आणि 'बुक्रा' (उद्या) यापलीकडे काही येत नाही. सरकारी खिडकीवर माझ्या बाजूने मुक्ता बोलते, दवाखान्यात माझं दुखणं ती सांगते, आणि घरी येऊन माझी फजिती आईला सांगत नाही. हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. शर्मिलाने वाचून डोळे पुसले आणि मग स्पेलिंगं सुधारली. पाठवलं. मुक्ताने वाचलं असावं, कारण आत्ता चहा आला, न मागता.

ता. क. दुसरा. हे शर्मिलाला सांगू नकोस. तो पहिला मजकूर लिहिताना सगळाच विनय नव्हता. हे नाही मिळालं तर पोरगी घरातच राहील, असं मनात येऊन गेलं होतं. आता बहुतेक मिळेल. मिळालं की मी तुला फोन करीन. तिकडे बर्फ पडतो, पोर अजून लहान आहे, पुण्यात काय कॉलेजं नाहीत, असं काहीबाही बोलेन, कदाचित रडेनही. खरी विनंती ही, की तेव्हा माझी बाजू घेऊ नकोस. तू नुसतं 'बघ बाबा' म्हणालीस तरी मी तिला थांब म्हणेन, आणि ती थांबेल.