गोळी अख्खी गिळायची असते

नाना, काल दुकानात एक बाई आल्या. नवऱ्याची किडनी बदललेली, तुम्हाला झालं होतं तेच इन्फेक्शन, आणि हातात त्याच गोळीची चिठ्ठी. मी त्यांना सगळं सांगितलं. गोळी जेवणानंतर घ्यायची, अख्खी गिळायची, तोडायची नाही, कुटायची नाही. पाणी भरपूर. दर आठवड्याला रक्त तपासायचं, कारण ही गोळी पांढऱ्या पेशी खाली आणते. किडनीच्या रिपोर्टातलं क्रिएटिनिन बदललं की डोस डॉक्टरांनी बदलायचा, आपण नाही. घरात कुणी गरोदर असेल तर तिने तुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही, भुकटी अंगावर सांडलीच तर लगेच साबणाने धुवायची. बाई म्हणाल्या, "भैयाजी, इतना तो डॉक्टर साहब ने भी नहीं बताया." मला बरं वाटलं. बारावी नापास माणसाला बरं वाटायला तेवढं पुरतं. मग दिवसभर तुमच्यावर चिडचिड झाली.

तुम्ही हातोदच्या दवाखान्यात चाळीस वर्षं कंपाउंडर होतात. मंडीच्या दिवशी गर्दी असायची आणि तुम्ही खलात गोळ्या कुटून, कागदाच्या चौकोनांवर बोटाच्या अंदाजाने पूड वाटायचात. पुड्यांची घडी तुमच्यासारखी कुणाची नव्हती, हे मी आजही मान्य करतो. पण मी डिक्शनरी मांडीवर घेऊन, औषधांच्या खोक्यांतले बारीक छापलेले कागद वाचत इंग्रजी शिकलो, ते तुम्ही कधी मोजलंच नाहीत. मी कामाला लागलो त्या वर्षी तुम्ही दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "अरे भिया, याला काय विचारता? हा खोके उचलायला आहे." सगळे हसले. मालकही हसले. मी त्या वेळी खोकेच उचलत होतो, म्हणून ते जास्त लागलं.

धाकट्या काकांनी दिलेली किडनी तुम्हाला बसली आणि चौथ्या महिन्यात ताप, जुलाब, अन्ननलिकेत जखमा. क्रिएटिनिन एक पूर्णांक सात होतं, म्हणून डॉक्टरांनी निम्मा डोस दिला, सकाळी एक, संध्याकाळी एक. मला बाहेर बोलावून म्हणाले, "गोली पीसनी नहीं है, ये घर में सबको बोल देना." मी घरी येऊन तुम्हाला सांगतो. तुम्ही उशीला टेकून बसलेले, गोळीकडे बघता आणि म्हणता, "घशातून पाणी उतरत नाही, ही कशी उतरणार? आणि तू मला गोळी शिकवतोस? रहने दे." मी म्हणतो, "नाना, उतरत नसेल तर डॉक्टरांना विचारू." तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवता. सबको बोल देना असं ते म्हणाले होते. मी फक्त तुम्हाला सांगितलं. हिला, तुमच्या सुनेला, पाचवा महिना होता. तिला भिववायचं नाही असं मी ठरवलं. निदान तसं मी स्वतःला सांगितलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी, गोळीची वेळ व्हायच्या आधी, मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर ओट्यावर वेलदोड्याचा खलबत्ता. तळाशी फिकट गुलाबी कड. वेलदोडा गुलाबी नसतो. मी बोट लावलं नाही, वाकून पाहिलं आणि कळलं. माझ्या मनात आलं की तुम्ही उठून कुटता. तुम्हीच कुटत असलात तरी ती पूड त्याच ओट्यावर उडत होती जिथे ही पोळ्या लाटते, हेही त्याच क्षणी कळलं. तेव्हा मी काय करायला हवं होतं ते दुकानातला नवा मुलगासुद्धा सांगेल. मी काय केलं? खोक्यातला कागद काढला, लाल पेनाने दोन ओळी अधोरेखित केल्या आणि तुमच्या चष्म्याखाली ठेवला. तुम्हाला औषधांची नावं सोडली तर इंग्रजी वाचता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. तुम्ही मला हाक मारून म्हणावं, "बेटा, जरा वाच रे," एवढ्यासाठी तो कागद होता. तुम्ही हाक मारली नाहीत. कागद घडी करून खिडकीच्या फटीत खोचलात, ती वाजायची म्हणून.

तीन दिवस मी वाट पाहिली. बाराव्या दिवशी सकाळी ही खलबत्ता घेऊन खाली बसलेली, पोटामुळे पाय पसरून, आणि तिच्या तळव्याला ती पूड. "नानांचे हात थरथरतात ना," ती म्हणाली, "सहाव्या दिवसापासून मीच कुटून देते. मधात देते, मग उतरतं." मी तिचा हात नळाखाली धरला आणि ओरडलो. तिच्यावर नाही, तुमच्यावर. वाट्टेल ते बोललो. अडाणी म्हणालो. ती घाबरून विचारते, "अहो, तुम्हाला माहीत होतं हे?" आणि मी म्हणतो, "मला कसं माहीत असणार? मी यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." तुम्ही पलंगावरून उतरलात, त्या थरथरत्या हातांनी तिला नमस्कार केलात आणि म्हणालात, "चूक झाली, बेटा." कागदाबद्दल एक अक्षर बोलला नाहीत.

डॉक्टर म्हणाले, पक्कं काही सांगता येत नाही, बघत राहू. चार महिने आम्ही बघत राहिलो. प्रत्येक सोनोग्राफीनंतर ती तुमच्या खोलीसमोरून मान खाली घालून जायची. मुलगी व्यवस्थित झाली, मी वीसही बोटं दोनदा मोजली. तुमचं इन्फेक्शनही गेलं, किडनी टिकली. पण बारशाला तुम्ही तिला मांडीवर घेतलं नाहीत. "माझे हात ठीक नाहीत," म्हणालात. पुढे दीड वर्ष जगलात, शेवटी हृदयाने दगा दिला, आणि तेवढ्या दिवसांत एकदाही तिला उचललं नाहीत. सगळ्यांना वाटलं हातांमुळे. एकदा तरी घ्यायचं होतंत! मला राग येतो तो याचा, की तुम्ही गुन्हेगारासारखे वागलात आणि मला निर्दोषासारखं वागायची सोय करून दिलीत.

मुलगी आता बाराची आहे. ही तिला तो किस्सा सांगते आणि ती हसते, "आजोबा डेंजर होते यार." ही म्हणते, पाचव्या दिवसापासून मी कुटत होते. मी लगेच दुरुस्त करतो, पाचव्या नाही, सहाव्या. तेवढीच दुरुस्ती करतो. मला कळण्याआधी जितक्या वेळा ती गोळी कुटली गेली, त्या वेळा तुमच्या. मला कळल्यानंतरच्या सहा वेळा माझ्या, नाना.

हे पत्र हिला द्यायला हवं. ही पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालते आहे, दहा पावलांवर. तुम्हाला लिहितो आहे, कारण तुम्ही उलट विचारणार नाही.