सोनेरी वाडग्यातला उजेड

३ फेब्रुवारी, मंगळवार

मशीनच्या खोलीबाहेर आज नवा फलक लागला. "वाया जाणाऱ्या लेझर-प्रकाशाचा पुनर्वापर." खाली एकच नाव — टाचणसाहेबांचं. आमच्या इंजिनियरला हे नाव मीच ठेवलंय, कारण कुणी शिंकलं तरी ते खिशातल्या वहीत टिपून घेतात. दीड वर्षात मी जे जे बोलले तेही टिपलंच की!

मागून मालक आले. "काय, भारी दिसतोय ना?" मी म्हटलं, दिसतोय.

४ फेब्रुवारी

डोकं शांत होत नाही. एकदा सगळं लिहूनच टाकते.

धातूची भुकटी पसरायची, लेझरने हवी तेवढीच वितळवायची, वर पुन्हा भुकटी — असं थरावर थर करत वस्तू छापायची, हे आमचं काम. तांबं मात्र भारी नखरेल. लेझर मारला की निम्म्याहून जास्त उजेड भुकटीवरून उसळतो आणि मशीनच्या भिंती तापवत बसतो. मी सात वर्षं हे मशीन चालवतेय. त्याआधी अकरा वर्षं चष्म्याच्या काचा घासल्या. उजेड कुठून कुठे जातो हे मला कुणी शिकवायला नको. मी साहेबांना म्हटलं, वर वाडगा पालथा घाला. आतून आरशासारखा. मधे भोक. लेझर भोकातून आत जाईल, उसळलेला उजेड वाडग्याला लागून परत त्याच ठिपक्यावर येईल.

साहेब हसले नाहीत. तेवढं खरं.

पहिला वाडगा घरातलाच, स्टीलचा. वहिनी आठवडाभर शोधत होती — "माझा मोठा वाडगा कुणी गिळला?" मी मूग गिळून गप्प. चार दिवस घासला. चारशे वॅट लागायचे तिथे तीनशेत तांबं वितळलं! मग साहेबांनी सोन्याचा मुलामा दिलेला नवा वाडगा करून घेतला, लेझरबरोबर सरकेल अशी गाडी त्याला बसवली. गाडी त्यांची. वाडगा माझा.

७ फेब्रुवारी

आज साहेबांना सरळ विचारलं. डिसेंबरात वाडग्याच्या पेटंटचा अर्ज गेलाय, त्यात माझं नाव आहे का? त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. म्हणाले, "चाचणी होऊ द्या ताई, मग बोलू."

मग बोलू म्हणे. मला दुसरं काही नको होतं. माझं डोकं चाललं, एवढं कुठेतरी छापून यावं.

दादाला सांगितलं तर तो म्हणतो, "पगार वेळेवर होतोय ना?" सख्खा भाऊ! वहिनीचा घास मात्र हातातच राहिला. "वाडगा माझा होता, माझं तरी नाव घाला म्हणावं." मला हसू आलं. मग हसू आलं याचाच राग आला.

११ फेब्रुवारी

साहेब कामापुरतं बोलतात. मान वर करत नाहीत. करतील कुठल्या तोंडाने!

१६ फेब्रुवारी, सोमवार

उद्या चाचणी. मोठं गिऱ्हाईक येणार, त्यांच्यादेखत तांब्याचा भाग छापायचा. मालक मला म्हणाले, "तुम्ही जरा मागेच थांबा. काही विचारलं तर साहेब सांगतील."

वाडगा रोज संध्याकाळी मी पुसते. आत धातूचा धूर बसतो, तो मऊ कोरड्या फडक्याने काढायचा, हातमोजे घालून. बोटाचा डाग राहिला तर उजेड तिथून परत फिरत नाही, तिथेच मुरतो आणि मुलामा जळतो. चष्म्याच्या दुकानात पहिल्याच दिवशी मला दरडावलं होतं — आतल्या बाजूला बोट नाही. अठरा वर्षांत एकदाही लावलं नाही.

आज उजव्या हाताचा मोजा काढला. भोकाच्या अगदी शेजारी अंगठा दाबून टेकवला.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी

नवव्या मिनिटाला काचेतून काळा ठिपका दिसला. मग नाण्याएवढा. मग मुलाम्याचे पोपडे भुकटीवर गळायला लागले. छापलेला भाग वाया गेला. गिऱ्हाईक हात न मिळवताच निघून गेलं.

मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "वाडगा कुणी पुसला होता?"

माझं तोंड उघडणार, तेवढ्यात साहेब म्हणाले, "मी. घाईत मोजे घालायचे राहिले."

का? त्यांनी तर काल वाडग्याला हातही लावला नव्हता. त्यांना कळलंय का? विचारायची हिंमत होत नाही.

१८ फेब्रुवारी

वाडग्याचं काम कायमचं बंद. साहेबांना नोकरी सोडायला महिनाअखेरपर्यंत मुदत. फलक उतरवला.

मी दिवसभर लोखंडाचे भाग छापले.

१९ फेब्रुवारी

मालकांनी पेटंटचा अर्ज आज मागे घेतला. टेबल आवरता आवरता साहेबांनी त्याची प्रत माझ्या हातात ठेवली. डिसेंबरमधली. म्हणाले, "मालकांनी न वाचताच सही केली होती. चाचणीआधी त्यांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी कापलं असतं. म्हणून तुम्हालाही बोललो नाही."

संशोधक दोन. पहिलं नाव माझं, वडिलांच्या नावासकट पूर्ण लिहिलेलं.