मामाच्या नावाचा खिळा

आमचे रुसलेले मेहुणे विश्रामराव यांना दाजी हैबतरावांचा रामराम.

तुम्ही फोन उचलत नाही आणि मोबाईलवर मला बंद करून टाकलंय, म्हणून पोस्टाची पायरी चढतोय. आम्ही इकडे बरे आहोत. तुमची खुशाली तुम्ही कळवत नाही, तेव्हा ती चांगलीच असणार असं मी परस्पर ठरवलंय (गुडघ्याला तेल लावता ना?). आमच्या सायलीचं लग्न ठरलं हे तुमच्या कानावर आलंच आहे. पोरीला मांडवात मामानं आणायचं, आणि मामा एकच, तुम्ही. तुम्ही येणार नाही असा निरोप धाडलात तेव्हापासून तुमची बहीण माझ्याशी फक्त भाजीत मीठ किती एवढंच बोलते, आणि तेही भाजी झाल्यावर.

आता आमच्या पोराच्या, कैलासच्या लग्नपत्रिकेत तुमचं नाव 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ह्या पोराटोरांच्या ओळीखाली, मांडववाल्यापेक्षाही बारीक आलं, ते छापणाऱ्यानं केलं (मजकूर मी दिला होता, पण ओळी वरखाली करणं हा त्याचा धंदा). ह्या खेपेला ती कसर ठेवायची नाही म्हणून मी उपाय काढला. आपली बंद पडलेली भातगिरणी आरोही नावाच्या पोरीनं भाड्यानं घेतलीय. हिंजवडीतली कॉम्प्युटरची नोकरी सोडून ती शिशाच्या अक्षरांनी, जुन्या यंत्रावर कार्डं छापते (कॉम्प्युटरवर नको का, असं मी विचारलं, तर ती तीन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, हल्ली माझ्याशी न बोलणाऱ्यांची संख्या वाढलीय). पुण्यातल्या एका मोडीत निघालेल्या छापखान्याची सगळी अक्षरं, म्हणजे खिळे, तिनं विकत आणले. टेम्पो चांदणी चौकातून इथवर सुखरूप आला आणि आपल्या दारातल्या चरात कलंडला. खणाखणातली अक्षरं एकात एक मिसळली. पोरगी रडकुंडीला आली. मी म्हटलं, बाई, आंबेमोहोरात इंद्रायणी मिसळला तरी आमच्या बायका निवडतात, ह्यात काय एवढं. आम्ही तुझी अक्षरं धुऊन, निवडून, मोजून देतो. तू सायलीची पत्रिका छाप, आणि मामाचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात घे. ती हो म्हणाली. नवखी आहे बिचारी.

तर तुमची बहीण रत्नाबाई, शेजारच्या रंभाबाई आणि आणखी दोघीजणी बसल्या. रंभाबाईंनी येतानाच चिंच आणि राखाड आणली होती, तांब्याच्या हंड्याला लावतात तशी. आरोहीनं धावत येऊन त्यांचे हात धरले. रॉकेल आणि ब्रश वापरायचा, हातात मोजे घालायचे, हात धुतल्याशिवाय तोंडात काही टाकायचं नाही, असं ठरलं. (मोजे रंभाबाईंनी लगेच कमरेला खोचले, लग्नात लाडू वळायला नवेच राहतील म्हणाल्या.) मग धुतलेली अक्षरं भाताच्या चाळणीनं चाळली. मोठी वर राहिली, बारीक खाली पडली. इथवर झकास. पण अक्षर ओळखायला घेतलं तर सगळीच उलटी. छापल्यावर सुलटी होतात म्हणे. मी दाढीचा आरसा आणला. ते बघून प्रत्येकीनं आपापला आरसा आणला.

नेमके तेव्हाच व्याही-विहीणबाई न कळवता आले. पोरीचा बाप उकिडवा बसून आरशात बघतोय, भोवती चार बायका आरशात बघतायत, आणि मान कुणीच वर करत नाही, कारण मोजणी चुकेल. विहीणबाई दोन पावलं मागं सरल्या. रंभाबाईंनी त्यांच्याही हातात आरसा दिला. व्याही संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. गिरणीतले सगळे 'ळ' त्यांनी एकट्यानं वेचले. माणूस कामाचा आहे.

कुठलं अक्षर किती, ते आरोहीला कॉम्प्युटरवर चढवायचं होतं. आम्ही पायलीनं मोजून सांगितलं. क दोन पायल्या, त अधोली, ङ चिमूटभर. आणि पहिल्या मापाला आपण एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, हे त्या पोरीला कोण सांगणार? तिच्या यादीत 'अ : लाभ' असंच पडलंय.

सगळं जुळलं आणि शेवटी घात झाला. सगळ्यात मोठ्या मापात 'श्र' सापडेना. 'श्र'वाचून विश्राम कसा छापणार? कैलास म्हणाला, नुसतं 'मामा' छापा, 'म' ढिगानं आहेत. तुमची बहीण उठून उभी राहिली. "माझ्या भावाला नाव हाय. त्ये न्हाई तर पत्रिकाच नगं." आणि त्या रिकाम्या खणाकडे बघत पदरानं डोळे पुसले. मला वाईट वाटलं, विश्रामराव. पंगतीत जिलबीवरून भांडायला मलाही तुमच्यासारखं दुसरं कुणी नाही.

घरी सर्वांना नमस्कार, म्हशीला थोपटणे.

तुमचा दाजी,
हैबतराव

ता. क. : भाऊबीजेला आलात तेव्हा ओट्यावरचं शिशाचं पोतं, आरोहीच्या खिळ्यांचंच, मासे धरायच्या जाळ्याला वजनं करायला नेलंत. आपण बोलत नव्हतो म्हणून मी नुसता हात हलवला; तो 'ठेवा' असा होता, तुम्ही 'न्या' असा घेतलात. तुमचं नाव तुमच्याच जाळ्याला लटकून धरणात बुडतंय. जाळं घेऊन स्वतः या.

आणखी ता. क. : हे पाकिटावर लिहितोय, कारण पाकीट चिकटवून झालं. म्हणजे हे तुम्ही आधी वाचणार. तसं करू नका, आधी आतलं वाचा. आत्ता चुलीपाशी पाहिलं, 'श्र' रत्नाबाईच्या बटव्यात आहे, सुपारीखाली. ती म्हणते, "खिळा घावला म्हनून कळवलं तर त्यो येनार न्हाई. जाळ्यात हाय म्हना. जाळं घ्येऊन तरी यील." तेव्हा मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही. जाळं खांद्यावर टाका आणि ती दारात विचारील तेव्हा बराच वेळ शोधल्यासारखं करा.