सव्वासहा मीटरची गाठ

सर,

माझ्या डाव्या चपलेवर पांढऱ्या ऑइलपेंटचा डाग पडला आहे. रॉकेल लावून झालं, थिनर लावून झालं, घरून सुचवलेलं लिंबू-मीठही झालं. डाग हटत नाही. संस्कृतच्या शिक्षकाच्या चपलेवर बास्केटबॉलच्या मैदानाचा रंग असावा, हे कुठल्याच शास्त्राला संमत नाही. शिपायापासून मुख्याध्यापिका बाईंपर्यंत सगळ्यांनी त्याची दखल घेतली आहे. या प्रकाराला मी सर्वस्वी तुम्हाला जबाबदार धरतो. तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली, त्यामुळे खुलासा मागवता येत नाही. वादाच्या वेळी निघून जायची तुमची सवय जुनीच आहे.

झालं असं, की अकोल्याच्या ज्या शाळेत मी पंचवीस वर्षं पोरांकडून शब्दरूपं घोकून घेतो आहे, तिथले खेळाचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा काही भरली नाही. त्याच सुमारास मागच्या अंगणात सिमेंटचं मैदान तयार झालं. दोन टोकांना दोन खांब, त्यांवर बोर्ड आणि रिंग, आणि मधे नुसतं करडं सिमेंट. रेघ एकही नाही. मी लहानपणी अमरावतीत बास्केटबॉल खेळायचो, हे बाईंना कुठून तरी कळलं. ‘‘सर, आता तुमीच पाहा ते मैदानाचं,’’ असं त्या म्हणाल्या, आणि मी, खोटं कशाला बोलू, आतून फुललो. कारण माझ्याकडे तुमची दोरी होती. दहावी झाल्यावर तुम्ही मला पेन दिलं नाही, पुस्तक दिलं नाही. सुताची जाड, मेण चोळलेली, जागोजागी गाठी मारलेली ती दोरी दिलीत. प्रत्येक गाठीला वेगळ्या रंगाचा दोरा. कपाटात अमरकोशाच्या शेजारी ती पस्तीस वर्षं पडून होती.

राजापेठेतल्या आपल्या शाळेमागचं ते मातीचं मैदान मला अजून दिसतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशीची सकाळ आहे. तुम्ही रिंगच्या मधोमध ओळंबा सोडता, तो जिथे टेकतो तिथे खिळा ठोकता, त्या खिळ्याला दोरी अडकवता. दुसरं टोक माझ्या हातात. लाल गाठीवर बोट धरून मी चालतो आणि माझ्यामागे चुन्याची कमान उमटत जाते. लाल गाठ म्हणजे सव्वासहा मीटर. तिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण. त्याआधी चारी कोपरे तपासून झालेले असतात. मैदान अठ्ठावीस बाय पंधरा, कर्ण एकतीस मीटर शहात्तर, दोन्ही कर्ण सारखे आले तरच कोपरा काटकोनी. ते दोन कर्ण जुळेपर्यंत तुम्ही कुणाला पाणी पिऊ देत नव्हतात. एकदा मी लांबची रेघ टेपच्या आतल्या बाजूने आखली. पाच सेंटिमीटर रुंदीची रेघ, ती आत आखली काय नि बाहेर आखली काय, असं मला वाटलं. तुम्ही आलात, पाहिलंत, आणि बुटाने सबंध रेघ पुसून टाकलीत.

‘‘अबे पंडित, माप रेघेच्या आतल्या कडेपासून. रेघ मैदानात येत नाही.’’

‘‘पाच सेंटिमीटरनं काय होते सर?’’

‘‘पोट्टं आऊट होते. त्याचा पाय त रेघेवरच पडते ना. अन् तो म्हणते, पाय माहाच चुकला.’’ मग चुन्याचे हात पँटीला पुसत तुम्ही म्हणालात, ‘‘ध्यानात ठेव. रेघ कधीच खेळणाऱ्याच्या बाजूनं नसते. बाजूची रेघ बायेर मोजते, तीन गुणांची आत मोजते. पाय लागला की नुकसान तुहंच.’’

तीन वर्षांपूर्वी अकोल्यात मी तोच सगळा विधी केला. ओळंबा, खिळा, दोरी. शिपायाच्या हातात दुसरं टोक. फ्री थ्रोची जागा पूर्वी समलंब होती, खाली रुंद नि वर अरुंद. ती आता सरळ आयताकृती असते, हे टीव्हीवर कुणालाही दिसतं, म्हणून तेवढ्यापुरता मी नव्या मापांचा छापील कागद मागवला. आयत त्याप्रमाणे आखला. त्याच कागदावर खाली तीन गुणांच्या कमानीचं माप होतं: ६.७५. मी ते वाचलं. चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचलं. आणि सर, मी ठरवलं, की हा मुद्रणदोष आहे. आमच्या शास्त्रात दोन पोथ्यांत दोन पाठ आढळले, की गुरुपरंपरेने आलेला पाठ प्रमाण मानायचा, छापखान्याचा नव्हे. समोर लाल दोऱ्याची गाठ होती, तुमच्या हातची. कुणाला फोन करून विचारायला दोन मिनिटं लागली असती. विचारलं नाही. आयताचा आकार बदलला तर डोळ्यांना दिसतो; कमान अर्धा मीटर मागे सरकली तर दिसत नाही. माप बदलून कैक वर्षं झाली होती आणि माझ्या डोळ्यांदेखत बदललेल्या मैदानावर मी तुमची जुनी कमान ऑइलपेंटने पक्की करून टाकली. गाठ चूक नव्हती. तुमच्या काळात ती बरोबरच होती. ती कुठल्या काळातली आहे, हे पाहणं माझं काम होतं.

त्या मैदानावर तीन वर्षं मुलींचा संघ खेळला. त्यातली एक पातूर रस्त्यावरच्या गावाहून एसटीने यायची. आई अंगणवाडीत, बाप नाही. हडकुळी, बोलायला फटकळ. संस्कृतात जेमतेम पास. ‘‘सर, तुमचे हे विसर्ग मले दिसतच नाहीत, रिंग बरोबर दिसते,’’ असं तोंडावर सांगणारी. तीन गुणांची बास्केट हे तिचं वेड. शाळा भरायच्या आधी येऊन रोज दीडशे वेळा चेंडू फेकायची, उजव्या बाजूला, कमानीच्या नेमकं मागे पाय ठेवून. वर्षभरात ती खाली बघेनाशी झाली. पायांना जागा पाठ झाली होती. पाठांतराचं एवढं चोख उदाहरण मी वर्गात कधी पाहिलं नाही. राज्य स्पर्धेपर्यंत पोचली तर खेळाचं प्रमाणपत्र मिळेल, त्यावर पुढे पोलिसात नाहीतर आणखी कुठे नोकरीची वाट निघेल, असं माय-लेकींचं ठरलेलं होतं. तिच्या वयोगटाचं हे शेवटचं वर्ष होतं.

विभागाच्या स्पर्धा अमरावतीला होत्या. मी त्यांना घेऊन गेलो. जाताना राजापेठेवरून रिक्षा नेली, उगाच. मला आपली शाळा दाखवायची होती. आता त्या मैदानावर शिकवणी वर्गांची इमारत आहे आणि पुढे दुचाक्यांची गर्दी. मुलींनी ‘‘कुठं आहे सर?’’ विचारलं, मी ‘‘मागे राहिली’’ म्हटलं.

सामन्यात ती कमानीमागे उभी राहून फेकायची आणि चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली यायचा. एकदा, दोनदा, पाच वेळा. मी बाकावरून ओरडतो आहे, ‘‘मनगट, मनगट!’’ तिच्या मनगटात काहीच वाईट नव्हतं. ते अर्धा मीटर कमी अंतराला शिकवलेलं होतं, आणि तसं शिकवणारा बाकावरून ओरडत होता. शेवटी काही सेकंद उरले, आपण तीन गुणांनी मागे. चेंडू तिच्याकडे आला. तिने खाली पाहिलं नाही. पायांनी त्यांची जागा घेतली, चेंडू सुटला आणि जाळीला आवाज करून आत गेला. बाकीच्या मुली नाचायला लागल्या. पंचांनी दोन बोटं दाखवली. तिचे दोन्ही पाय कमानीच्या आत होते. आपण एका गुणाने हरलो. मी पंचांकडे धावलो, हातवारे केले, आणि मग त्यांच्या पायाशी ती रेघ पाहिली. ६.७५.

परतीच्या एसटीत ती माझ्या पुढच्या सीटवर होती. मूर्तिजापूर आलं. मग मागे न वळता म्हणाली, ‘‘सर, माह्या हातात जोरच नाही. तुमी उगीच मेहनत घेतली.’’

मी म्हटलं, ‘‘असं नसते म्हणू.’’ एवढंच म्हटलं.

त्यानंतर ती मैदानावर आली नाही. वर्गात यायची, मागे बसायची, विसर्ग दिसत नसल्याची तक्रारही करायची नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मी पेंटर बोलावला आणि कमान नवीन मापाने आखून घेतली. चपलेवरचा डाग त्या दिवशीचा. बाईंनी विचारलं तर सांगितलं, रंग उडाला होता. जुनी कमान करड्या रंगाने झाकली, पण ऊन तिरपं झालं, की नव्या रेघेच्या आत ती अजून फुगून दिसते.

तुमच्या घरी एकदा मी चहाला आलो होतो, आठवतं? आदल्या दिवशी उपांत्य सामन्यात पंच म्हणून तुम्ही माझ्यावर शिट्टी वाजवली होती: चेंडू हातात असताना टेकलेला पाय उचलला म्हणून. त्या शिट्टीवर सामना गेला. सकाळी तुम्ही बोलावणं पाठवलंत. तुम्ही एकटेच राहायचात. स्वयंपाकघरात स्टोव्हपुढे उकिडवे बसला होतात, माझ्याकडे पाठ. चहा उतू गेला तरी वळला नाहीत. ‘‘कालची शिट्टी माही चुकली. तुहा पाय हलला नोता.’’ मी लगेच मोठेपणा केला, ‘‘काही होत नाही सर.’’ तेव्हा तुम्ही वळून बघितलंत. ‘‘होते. मी नाही सांगितलं त तू आता जल्मभर त्या पायावर भरोसा ठेवणार नाही.’’ चहात साखर टाकायला विसरला होतात. मी तसाच प्यालो.

मला ते वाक्य तेव्हा कळलं नव्हतं, आणि आता कळलं आहे त्याचा काही उपयोग होताना दिसत नाही. तिला सांगायला हवं, की हात ठीक आहे, मैदान खोटं होतं. पण हे सांगितलं, की पुढचंही सांगावं लागेल: की खरं माप माझ्या टेबलावर छापलेलं पडलं होतं आणि मी ते वाचून बाजूला ठेवलं. ती फटकळ आहे. ‘‘काहून सर?’’ असं विचारेल. त्याला माझ्याकडे उत्तर आहे, पाठभेदांवर तासभर बोलता येईल एवढं. तिच्या तोंडासमोर त्यातलं एक वाक्यही उभं राहणार नाही. वर्ष तर तिचं गेलंच आहे.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पुढच्या सोमवारी शाळा सुरू होते. ती दारात दिसली, की मी ‘‘बरी आहेस ना?’’ विचारीन, ती ‘‘हो सर’’ म्हणेल, आणि मी तास घ्यायला जाईन. सर, मला भीती वाटते ती याचीच. मी तिला सांगणार नाही.