दगडासारखं मटण

रविवार, २१ डिसेंबर २०२५

मार्गशीर्ष संपला एकदाचा! महिनाभर घरात पालेभाज्या आणि रोहितचं पडलेलं तोंड. आज उठल्या उठल्या पहिला प्रश्न — "आज तरी?"

पण जायचं कोणी? तर बायकोने. पूर्वी दर रविवारी हाच माणूस भद्रकालीत सलीमभाईंच्या दुकानी जायचा, गप्पा मारून मारून मटण आणायचा. हल्ली लोकांत जायचं म्हटलं की अंगावर काटा. "तूच जा ना. तुमच्या त्या शेतकरी बाजारात मिळतं की."

तर गेले. कॉलेज रोडच्या मागच्या मैदानावर सेंद्रिय गूळ, सेंद्रिय पालक, सेंद्रिय भाव. आणि कोपऱ्यात टेम्पोत डीप फ्रीझर ठेवून बसलेल्या मालनबाई. निफाडकडच्या. घरच्या शेळ्या, गावठी कोंबड्या. सगळं हवाबंद पाकिटात गोठवून आणतात.

गोठवलेलं म्हटलं की बायका नाक मुरडतात. मी नाही! पॅथॉलॉजी लॅबमध्ये उभी हयात चाललीय माझी, लोकांचं रक्त थंड ठेवण्यात. मी रीतसर तपासलं. अंगठ्याने दाबलं — ढिम्म. दोन पाकिटं एकमेकांवर आपटली — विटांसारखा आवाज. आत भुरभुरीत बर्फ नाही. कोपऱ्यात लाल पाणी साचून गोठलेलं नाही. कडा पांढुरक्या पडलेल्या नाहीत. माझं बघून शेजारच्या दोघीही पाकिटं आपटायला लागल्या. ज्ञान पसरतं ते असं.

मालनबाई म्हणाल्या, "ताई, मटण घेताय का टाळ वाजवताय?"

थर्माकोलच्या डब्यात घालून दहा मिनिटांत घरी. थेट फ्रीझर.

गुरुवार, २५ डिसेंबर

रश्श्यासाठी पाकीट काढलं आणि बघतच राहिले. गोठलेलं होतं, पण वेडंवाकडं. फ्रीझरच्या जाळीचे वळ उठलेले. एका कोपऱ्यात लाल बर्फाचा गोळा. म्हणजे मटण सुटलं होतं आणि परत गोठलं होतं! उघडलं तर वास. रोहित म्हणाला, "येतो गं थोडा वास. शिजलं की जाईल."

सगळं टाकलं. पिठलं केलं. पिठल्याकडे बघून त्याने जो सुस्कारा सोडला, तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल.

शुक्रवार, २६ डिसेंबर

दिवसभर एकच विचार. बाईंनी मला फसवलं. मला!

रविवार, २८ डिसेंबर

पाकिटाचे फोटो काढून ठेवले होते. ते घेऊन गेले. टेम्पोपुढे बरीच गर्दी होती. बरंच झालं म्हटलं.

"मालनबाई, हे काय? वितळलेलं मटण परत गोठवून विकता?"

त्या चष्मा वर करून फोटो बघत राहिल्या. "ताई, माझ्याकडनं गेलं तवा दगड व्हतं. तुम्हीच आपटून पाहिलं."

"मग माझ्या घरात काय हीटर आहे का?"

गर्दी हसली. माझ्या बाजूने. मला बरं वाटलं, लिहून ठेवते.

"तुमच्या घरातलं मला काय ठावं?" बाई म्हणाल्या. "दुसरं पाकीट न्या. पैशे नगं."

"मला भीक नको. लोकांच्या जिवाशी खेळू नका एवढंच सांगते."

मागची एक बाई हातातलं पाकीट गुपचूप परत ठेवून निघून गेली. मग आणखी एक. मालनबाईंनी फ्रीझरचं झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मी पलीकडच्या टोकाच्या तरुणाकडून मटण घेतलं. शहरी पोरगा, टोपी, हातमोजे, चकचकीत पाकीट. घरी येऊन सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले — "शेतकरी बाजारातील कोपऱ्यातल्या टेम्पोवरून मटण घेताना सावध राहा." सत्तावीस अंगठे! समोरच्या सुवर्णाने तर हात जोडले — "तू आहेस म्हणून आम्ही वाचलो गं."

बुधवार, ३१ डिसेंबर

चकचकीत पाकिटातही लाल बर्फ.

सरत्या वर्षाला अंडाकरीने निरोप.

गुरुवार, १ जानेवारी २०२६

नवं वर्ष, नवा पुरावा. हा टोपीवालाही फसवतो, म्हणजे अख्खा बाजारच तसा! पण या वेळी कोणी म्हणायला नको की तुमच्या घरातच काहीतरी. काल वाटीत पाणी ठेवून गोठवलं. आज सकाळी त्या बर्फावर एक नाणं ठेवलं. बर्फ वितळला नाही तर नाणं वर राहील. मग फोटो ग्रुपवर. विषय संपला.

रोहितला सांगितलं नाही. तो हसतो अशा गोष्टींना.

संध्याकाळी

नाणं तळाशी. वर बर्फाचा पातळ पापुद्रा, खाली पाणी.

फोटो काढला नाही.

शनिवार, ३ जानेवारी

काल परत लावलं. परत तळाशी. म्हणजे दोन्ही पाकिटं माझ्याच फ्रीझरमध्ये नासली. मालनबाई खरं बोलत होत्या. आणि मी चारचौघांत...

रोहितला सांगावंच लागलं. नाणं, वाटी, सगळं. हसेल वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, "लाइट जात असेल दुपारची." आणि टीव्हीचा आवाज वाढवला. सुवर्णा दिवसभर घरी असते, तिला विचारलं. "छे गं, महिनाभरात लाइट गेलीच नाही." मग कशाला विचारतेस, असंही तिने विचारलं. म्हटलं, असंच.

रविवार, ४ जानेवारी

बाजारात गेले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

मंगळवार, ६ जानेवारी

फ्रिजवाला मुन्ना संध्याकाळी येऊन गेला. मागून उघडलं, पुढून उघडलं, रबर चाचपलं. "मॅडम, फ्रिज एकदम ओके आहे. गॅस ओके, कॉम्प्रेसर ओके." प्लग थोडा सैल वाटला म्हणून बदलला. "यानेच बंद-चालू होत असेल."

झालं! एका प्लगने माझी अब्रू घालवली. मी म्हटलं, जुनाच आहे, नवीनच घेऊ ना फ्रिज. रोहित एकदम उसळला. "नवीन कशाला? चाललाय ना!" मुन्नासमोर. मग स्वतःच मुन्नाला लिफ्टपर्यंत सोडायला गेला, आल्यावर माझ्यासाठी चहा टाकला. हल्ली हे एक बरंय. मी लॅबमधून येते तेव्हा तो आधीच घरी असतो आणि चहा तयार. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर नवरा सुधारला, असं सुवर्णाला सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे पाठव."

रविवार, ११ जानेवारी

आज जायचंच होतं. आधी दोनदा गूळवाल्याकडे रेंगाळले. गूळ नको असताना घेतला.

मालनबाईंपुढे कोणी नव्हतं. फ्रीझर काठोकाठ भरलेला. मला बघून त्यांनी झाकणावरचा हात काढला नाही.

हळू आवाजात सांगितलं. आमचाच फ्रिज, आमचाच प्लग, चूक माझी, माफ करा.

त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "त्या रैवारी निम्मं मटण घरला परत गेलं. मागल्या रैवारीबी. सून इचारती, आई, आपल्या मालात खरंच कायी हाय का? तिला काय सांगू?"

"माझं चुकलं."

"मला कानात नका सांगू. बोलल्या तवा मोठ्यानं बोलल्या."

खरंच होतं. मी वळले. गूळवाला, पालकवाली, तो टोपीवाला, पिशव्या घेतलेली माणसं. मोठ्याने सांगितलं — "मी या बाईंवर खोटा आळ घेतला होता. यांचं मटण चांगलंच होतं. माझ्या घरचा फ्रिज खराब होता." कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक आजोबा म्हणाले, "आधी घरचं बघावं." टोपीवाल्याने मात्र मान डोलावली. त्याच्या मालाबद्दल मी कुठे काही बोललेच नव्हते, हे किती बरं झालं ते त्याला अजून माहीत नाही.

ग्रुपवरही लिहिलं. चार अंगठे. सावधगिरीचे सत्तावीस, माफीचे चार. सुवर्णाने काहीच टाकलं नाही.

मालनबाईंनी पाकीट दिलं. देण्याआधी विचारलं, "आता तरी चालतंय ना फ्रिज? नायतर नेऊ नका." मी म्हटलं, चालतोय. मग त्यांनीच दोन पाकिटं घेतली, एकमेकांवर आपटली, माझ्या तोंडाकडे बघितलं. हसल्या नाहीत. पण अगदीच नाही असंही नाही.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. सुवर्णा तिळगूळ द्यायला आली, ग्रुपचा विषय दोघींनी काढला नाही. रोहितला सुट्टी नाही म्हणे, सकाळीच गेला. संध्याकाळी तिळगूळ हातात घेऊन किती वेळ तसाच बसला. "काय झालं?" "काही नाही, थंडी."

शुक्रवार, १६ जानेवारी

मटण परत सुटलंय.

प्लग नवा, फ्रिज ओके, लाइट जात नाही. रोहितला दाखवलं. त्याने पाकिटाकडे बघितलंच नाही. "टाकून दे," म्हणाला, "मला नको मटण. आता आणूच नकोस." मटण नको? रोहितला? म्हटलं, ताप आहे का, आणि कपाळाला हात लावला. त्याने तो हात तसाच धरून ठेवला थोडा वेळ.

सोमवारी दुपारी लॅबमधून निघून घरीच येऊन बसते. बघू काय होतं या फ्रिजचं ते.

सोमवार, १९ जानेवारी

साडेबाराला घरी आले. बेल दाबली, सवयीने. वाजली नाही. किल्लीने दार उघडलं. पडदे ओढलेले, घर अंधारं, दारामागचा मेन स्विच खाली पाडलेला. टेबलाशी रोहित. सकाळी मी भरून दिलेला डबा पुढ्यात उघडा.

"गणपतीनंतर काढलं कंपनीने. आमची पूर्ण प्रॉडक्शन लाइनच." माझ्याकडे बघत नव्हता. "कोणी बेल वाजवली की छातीत धस्स होतं गं. म्हणून मेन बंद करतो. घरात कोणी नाही असं वाटतं लोकांना. फ्रिजचं डोक्यात आलंच नाही. तू नाण्याचं सांगितलंस तेव्हा कळलं. तरी मेन चालू ठेवायचा धीर होईना, आणि सांगायचं कसं तेही कळेना."

दिवाळी गेली. माझ्यासमोर रोज बूट घालून निघायचा.

मी पर्स ठेवली, हात धुतले, त्याच्यासमोर बसले. त्याने डबा मधे सरकवला.