पोपटांची तोंडं बाहेर

प्रिय मामा,

काल मामीने कपाटावरचं तुमचं पत्र्याचं लांब नळकांडं माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "हें घेऊन जा. तुझ्या कामास येईल." तुम्हाला जाऊन एक महिना आणि चार दिवस झाले. एवढ्या दिवसांत मी रडले, भेटायला येणाऱ्यांना कॉफी दिली, पुण्याच्या ऑफिसकडे दोनदा रजा वाढवून मागितली, पण तुम्हाला पत्र लिहावं असं मनात आलं नव्हतं. काल त्या नळकांड्यातून एक कागद निघाला आणि मग गप्प बसवेना. इतकी वर्षं तुम्ही मला फसवत होतात. आता त्याचा जाब मी कुणाला विचारू?

हे पत्र पुण्याच्या मराठीत लिहितेय, हसू नका. इथे, पिढ्यान् पिढ्या दक्षिणेत राहिलेल्या आपल्या मराठी घरांत, तुम्ही म्हणायचात, पुण्यास जाऊन पोरीची बोली बिघडली. तिथे मी तोंड उघडलं की सगळे विचारतात, तुमच्या घरी अजून असं जुन्या बखरीसारखं बोलतात का? मी मधल्यामध्ये लटकलेली.

तो व्हिडिओ गेम आठवतो ना? मी आठवीत होते. माझ्या आप्पांनी मद्रासहून आणला आणि रंगीत टीव्ही तुमच्याकडे म्हणून तो तुमच्या घरी लागला. पिवळी कॅसेट, तिच्यावर नाव नाही. लाल टोपी घातलेला एक बुटका माणूस डावीकडून उजवीकडे उड्या मारत जायचा. आम्ही मुलांनी खेळाचं नाव ठेवलं टोपीवाला.

बाकीच्या घरांतली मोठी माणसं म्हणत, डोळे जातील. तुम्ही मात्र तिरुभुवनमहून बसने आलात, चप्पल काढली, चष्मा कपाळावर ढकलला आणि टीव्हीला नाक लागेल इतके जवळ बसलात. जन्मभर तिथल्या विणकरांच्या सोसायटीत साड्यांच्या नक्षीचे ग्राफ काढणारा माणूस तुम्ही. चौकटींच्या कागदावर बारीक कुंचल्याने एकेक घर भरायचं, मग ती नक्षी मागावर चढायची. दोन मिनिटं बघून म्हणालात, "पद्मी, हा तर ग्राफच कीं. आणि हा वरचा ढग बघ, खालचें झुडूप बघ. एकच आकार. नुस्ता रंग बदलला. बेस काम केलंन कोणी."

मी तोवर तो खेळ शंभर वेळा खेळले असेन. मला ते दिसलं नव्हतं. तेव्हापासून मी कुठलाही खेळ आधी तुमच्या डोळ्यांनी बघते, मामा, हे तुम्हाला कधी सांगितलं होतं का मी?

मग तुम्ही टोपीवाल्याचे नकाशे काढायला बसलात. एका पातळीला एक कागद. खड्डे, विटा, लपलेल्या शिड्या, सगळं घरं मोजून. पहिला नकाशा मांडीवर ठेवून मी खेळले आणि थेट खड्ड्यात. दुसऱ्यांदाही खड्ड्यात. तुम्ही सगळं उलटं काढलं होतं, डावं ते उजवीकडे! मागावर साडीची चांगली बाजू खाली असते म्हणून तुमच्या हाताला नक्षी उलटी काढायची सवय, आणि ती टोपीवाल्यालाही सोडेना. सरळ काढून बघितलंत तर रेघा वाकड्या यायला लागल्या. शेवटी ठरलं की कागद पालथा करून खिडकीवर धरायचा आणि उजेडात मागच्या बाजूने वाचायचा. जगात कुणी खेळाचा नकाशा असा वाचला असेल?

तिरुवलंचुळीच्या देवळात तुम्ही मला ती दगडी जाळी दाखवलीत तेही त्याच दिवसांत. सगळे पांढऱ्या विनायकापुढे उभे आणि आपण दोघं जाळीची घरं मोजत. मामी वैतागली होती.

आता खरं सांगण्याची वेळ आली.

दीपावळीला मी पापनाशमला आत्याकडे गेले होते. तिथल्या भावंडांकडेही तोच खेळ होता, आणि त्यांनी चिडवलं की मुलींच्याने खेळ संपत नाही. परत आल्यावर तुमच्या घरी, सगळ्यांच्या देखत, मी ठोकून दिलं की पापनाशमला मी टोपीवाला शेवटपर्यंत संपवला. खरं म्हणजे सातव्या पातळीच्या पुढे मी कधीच गेले नव्हते. तुम्ही विचारलंत, शेवटीं काय आहे? माझ्या तोंडून निघालं, रथ येतो. रथावर दोन पोपट असतात आणि टोपीवाला त्यात बसून जातो.

वाटलं, झालं, सुटले. तर तुम्ही पेन्सिल काढलीत आणि एवढंच विचारलंत, "पोपटांचीं तोंडं आंत कीं बाहेर?"

बाहेर, मी म्हणाले. का, ते मलाही माहीत नाही.

नवरीच्या पदरावर पोपट नेहमी समोरासमोर असतात. माझ्या लग्नाच्या साडीवर तुम्ही रथ काढलात आणि दोन्ही पोपट पाठीला पाठ लावून बसवलेत. विणणारे म्हणाले, ग्राफ चुकला. मामीकडच्या बायका म्हणाल्या, भांडलेले पोपट नवरीला कशाला? तुम्ही ग्राफातलं एक घरही बदललं नाहीत. मी मात्र ती साडी नेसून मांडवात बसले होते. माझ्या थापेवर विश्वास ठेवून या माणसाने ती रेशमात विणून घेतली, आता कुठल्या तोंडाने सांगू? तेव्हा नाही सांगितलं. पुढे तर जमलंच नाही.

एक गोष्ट मात्र त्याहून जास्त टोचते. पुण्यात मी खेळ बनवायला लागले आणि आमचा पहिला मोठा खेळ तुम्हाला दाखवायला घेऊन आले. डोंगर, नदी, वाटेल तिकडे फिरा. पाच मिनिटांत तुम्हाला गरगरलं. डोळे मिटून म्हणालात, "मला अस्कें सगळें एकदम कां दिसत नाहीं?" आणि मी ताडकन म्हणाले, मामा, तुमचे ते उड्या मारायचे खेळ आता मेले, कुणी खेळत नाही. तुम्ही पाणी प्यायलात आणि लॅपटॉपकडे पुन्हा बघितलं नाहीत. एवढं कडक बोलायची काय गरज होती मला?

रागावायचं सोडून तुम्ही संध्याकाळी ओसरीवर मलाच समजावलंत. मोठ्या काठाची साडी जाते, बारीक काठाची येते, वीस वर्षांनीं मोठा काठ परत येतो, पण तोच येत नाही. काठ एकीचा, अंग दुसरीचं, पदर तिसरीचा, असं जुळवून माणसं नवी साडी म्हणतात. तुझ्या खेळांचेंहि तसेंच असेल.

तसंच झालं, मामा. लोक खेळ फोनवर खेळायला लागले, मग शंभर जण एकाच मैदानात एकमेकांवर गोळ्या झाडायला लागले, आणि आता माझ्या ऑफिसातली पंचविशीतली मुलं मुद्दाम चौकटी दिसतील अशी चित्रं काढतात. उड्या टोपीवाल्याच्या, कोडी दुसऱ्या खेळाची, गोष्ट तिसऱ्याची. आमच्या मीटिंगांत तासन् तास चर्चा चालते की हा नवा प्रकार म्हणायचा की जुना. तुम्ही ते ओसरीवर सुपारी कातरताना सांगून टाकलं होतं.

आता कालचा कागद. आठव्या, म्हणजे शेवटच्या पातळीचा नकाशा. तो तुम्ही काढला होतात हेच मला ठाऊक नव्हतं. सवयीने पालथा केला आणि खिडकीवर धरला. सगळा चक्रव्यूह, एकही घर रिकामं नाही. आणि शेवटच्या चौकटीत रथ नाही. एक बंद दार, त्याच्यापुढे टोपीवाला, बस्स. खाली तुमच्या अक्षरात लिहिलेलं, पौष महिना, मी आठवीत होते तेच साल. आणि त्याखाली, "पद्मीस सांगूं नये."

म्हणजे माझ्या थापेनंतर दोन महिन्यांत तुम्हाला सगळं कळलं होतं! पदर तर त्यानंतर तेरा वर्षांनी काढलात.

मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले. मामी केळफूल निवडत होती. तिने बघितलं आणि म्हणाली, "तूं शाळेस गेलीस कीं सोसायटीस रजा टाकून दुपारीं बसत खेळायला. तें दार दिसलें त्या दिवशीं मला हाक मारून दाखवलें. मी म्हटलें, पोरीनें थाप मारली. तर म्हणाले, पोरीचा रथ बरा आहे, तोच ठेवूं."

मी तिथेच जमिनीवर बसले. मामीने केळफूल बाजूला ठेवलं आणि माझ्या पाठीवर हात फिरवला.

मामा, तुम्ही एकदा तरी बोलायचं होतं. कान धरायचा होता. पण मग तो पदर झाला नसता, हेही मला कळतंय. तुमच्याएवढं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

तो गेम अजून चालतो. मामीने जुन्या परकरात गुंडाळून ठेवला होता. परवा मी पुण्याला परत जातेय, तो बरोबर नेतेय. आठवी पातळी मी स्वतः संपवीन, तुमचा नकाशा नळकांड्यातच ठेवून. त्या बंद दारापुढे पोचले की आधी मामीला फोन करीन, की तेव्हा मी खोटं बोलले होते, आणि मग पापनाशमलाही, की मुलींच्याने खेळ संपतो. आणि सध्या आम्ही जो लहानसा, उड्या मारायचा खेळ करतोय, त्याच्या शेवटी रथ येईल. ते चित्र मी कुणाला काढू देणार नाही. चौकटीच्या कागदावर, एकेक घर भरून, मीच काढीन. पोपटांची तोंडं बाहेर.

तुमची,
थापाडी पद्मी